सक्तमजुरी, महिना पंधराशे रुपये

बेळगावात कुणी ‘कुठं राहता?’ असं विचारलं आणि आपण ‘हिंडलग्याला’ म्हटलं, की समोरचा आधी हसतो आणि मग ‘कधी सुटलात?’ म्हणतो. पुण्याला येरवडा तसा आम्हाला हिंडलगा. गावात भातशेती आहे, देवळं आहेत, लग्नाला आलेली पोरं आहेत, पण नाव काढलं की लोकांच्या डोळ्यांपुढं तुरुंगाची भिंतच येते. शाळेत मास्तर म्हणायचे, ‘अभ्यास केला नाहीस तर एक दिवस हिंडलग्याला जाशील.’ मी म्हणालो होतो, ‘रोजच जातो की सर.’ त्याबद्दल सहा छड्या खाल्ल्या. गुन्हा आणि शिक्षा या विषयाशी माझा परिचय असा जुना आहे.

आमच्या शेजारी जेलमधून हेड वॉर्डर म्हणून निवृत्त झालेले काका राहतात. चाळीस वर्षांच्या सवयीने ते अजूनही रात्री झोपण्यापूर्वी स्वतःच्या घराची कडी तीनदा ओढून बघतात. त्यांचा प्रवेश पुढे आहे.

सुरुवात रक्ताच्या रिपोर्टपासून झाली. तीन महिन्यांची सरासरी साखर ६.२ निघाली. डॉक्टर म्हणाले, ‘अजून मधुमेह नाही, पण उंबऱ्यावर उभे आहात. नुसतं चालून भागणार नाही. वजनं उचला. स्नायू वाढले की साखर तिथं खपते.’ मी पतसंस्थेत कॅशियर. आयुष्यात उचललेलं सगळ्यात जड ओझं म्हणजे मार्चअखेरचं लेजर. पण सौ. माझ्याबरोबर दवाखान्यात आली होती, त्यामुळे डॉक्टरांचं बोलणं घरी पोचेपर्यंत बदलून सांगायची सोय राहिली नव्हती.

ऑफिस टिळकवाडीत, म्हणून तिथलीच, दुसऱ्या रेल्वे गेटाजवळची जिम ठरली. तीन महिन्यांचे साडेचार हजार आगाऊ. पावती सौ.ने आपल्या पर्समध्ये ठेवली.

पहिल्या दिवशी कळलं ते असं, की नुसता लोखंडी दांडाच वीस किलोचा असतो. त्याला दोन्ही बाजूंनी काही लावायच्या आधी! आमच्या रविवार पेठेतला व्यापारीसुद्धा बारदानाचं वजन वेगळं धरतो. इथं बारदानच वीस किलो, मग माल. तो दांडा मानेखाली खांद्यावर घेऊन खाली बसायचं आणि उठायचं. आमचे आजोबा कंग्राळीच्या तालमीत हजार बैठका मारायचे असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. आजोबांच्या त्या हजारांतल्या किती खऱ्या असतील याची मला पहिल्यांदाच शंका आली. तिसऱ्या बैठकीला.

शिकवणारा पोरगा तेवीस-चोवीसचा, गोकाककडचा. मराठी त्याला कामापुरतं, कन्नड मला बाजारापुरतं. तो मोजायला लागला, ‘ओंदु, एरडु, मूरु…’ भाजीवालीकडे ऐकताना हे आकडे किती भराभर जातात! इथं ‘आरु’ आणि ‘एळु’ यांच्यामध्ये मला माझं सगळं बालपण दिसून गेलं. ‘एंटु’ला दार उघडून कुणीतरी फी भरायला आलं. पोरगा तिकडं गेला, पैसे घेतले, पावती फाडली, सुट्टे दिले, परत आला आणि मोजणी विसरल्यामुळे पुन्हा ‘ओंदु’पासून सुरू झाला. शेवटी कसाबसा ‘हत्तु’ आला. मी दांडा ठेवायला वळलो तर तो म्हणाला, ‘अंकल, इन्नोंदु!’

इन्नोंदु म्हणजे आणखी एक. पंगतीत वाढणाऱ्याच्या तोंडी हा शब्द फार गोड लागतो, विशेषतः पानात कुंदा असेल तर. जिममध्ये तो शब्द ऐकल्यावर, पन्नास वर्षं सीमाभागात काढून ज्या कन्नड शब्दाची मला कधी गरज पडली नव्हती, तो माझ्या तोंडून अगदी मातृभाषेसारखा निघाला. ‘साकु! साकु!’ म्हणजे पुरे.

दुखणं मात्र लगेच येत नाही. ते सरकारी नोटिशीसारखं दोन दिवसांनी घरी येतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, छे, हे तर जमतंय. तिसऱ्या दिवशी सकाळी केस विंचरायला हात वर केला तर हात कानापर्यंत गेला आणि तिथूनच परतला. मग मी मान खाली घालून डोकं फणीपाशी नेलं. सिटी बसची पायरी चढताना मागच्या बाईंनी ‘द्या हात, काका’ म्हणून मला वर ओढलं. त्या माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असतील. ऑफिसातलं संडास देशी पद्धतीचं आहे, त्याबद्दल अधिक लिहीत नाही. आतून कुणीतरी ‘आई गं’ म्हणतंय, असं शिपायाने साहेबांना जाऊन सांगितलं, एवढंच.

शिकवणारा पोरगा म्हणाला, ‘लॅक्टिक ॲसिड, अंकल.’ मी वाचून काढलं, तर ते बिचारं ॲसिड तासाभरात निघून जातं. खरा दोष वजन खाली आणण्याचा. उचलताना नव्हे, सावकाश खाली सोडताना ताणलेल्या स्नायूंच्या तंतूंना बारीक बारीक चिरा पडतात, आणि त्यांची डागडुजी चालू असताना दुखतं. कर्ज घेताना कुणाला दुखत नाही, फेडताना दुखतं, हे आम्ही पतसंस्थेत रोज बघतो.

वाचता वाचता आणखी एक गोष्ट सापडली आणि तिथंच माझी नियत फिरली. जिममधलं ते जागच्या जागी चालायचं यंत्र, ट्रेडमिल, त्याचा पूर्वज तुरुंगातला! १८१८ साली विल्यम क्यूबिट नावाच्या इंग्रज इंजिनियरने कैद्यांसाठी पायऱ्यांचं मोठं चाक काढलं. कैदी रांगेने त्यावर तासन्‌तास चढायचे, चाक फिरायचं, कुठं धान्य दळलं जायचं तर कुठं नुसतीच हवा. ब्रिटननं ही शिक्षा १८९८च्या कायद्यानं बंद केली. मी हे काकांना वाचून दाखवलं.

‘म्हणजे बघ,’ काका म्हणाले, ‘इंग्रजाला दया आली आणि त्यानं बंद केलं. तू महिना पंधराशे देऊन करालास.’

‘साडेचार हजार भरलेत काका.’

‘आमच्याकडं फुकट होतं की. वर जेवण.’

बाराव्या दिवशी मी गुन्हा केला. जिमची बॅग घेऊन घरातून निघालो आणि जिमच्या अलीकडं चहाच्या गाड्यावर तासभर बसलो. दुसऱ्या दिवशीही. घरी जाताना सार्वजनिक नळावर टी-शर्ट भिजवायचा, चेहऱ्यावर पाणी मारायचं, धापा टाकत जिना चढायचा. उशीर झालाच तर ‘गेट पडलं होतं’ हे टिळकवाडीचं कारण तयार असतंच. त्या गेटावर बेळगावकरांच्या किती लबाड्या पचल्या असतील, देव जाणे! हे असं आठ दिवस चाललं. नवव्या दिवशी सौ.ने चहा देता देता नुसतं विचारलं, ‘अहो, तुम्हाला घाम फक्त पुढूनच येतो होय?’

मी पाठीवरून हात फिरवला. इस्त्रीसुद्धा मोडली नव्हती.

‘आणि वास कसा नाही त्याला?’

त्याच संध्याकाळी आमचे चिरंजीवही पकडले गेले. ते नववीत आहेत आणि रूनस्केप नावाचा गेम खेळतात. मला वाटायचं गेम म्हणजे मारामारी. हा पठ्ठ्या तासन्‌तास झाड तोडतो. झाडाला बोट लावायचं, बाहुला कुऱ्हाड चालवतो, ओंडका मिळतो, परत बोट लावायचं. त्याचे गुण मिळतात, गुण साठले की लेव्हल वाढते. एकपासून नव्याण्णवपर्यंत. मासेमारी, खाणकाम, स्वयंपाक, प्रत्येक कसबाचं असंच. चिरंजीवांनी मध्येच एक अ‍ॅप बसवलं होतं. ते झोपेत असताना अ‍ॅप आपोआप टिचक्या मारायचं आणि बाहुला रात्रभर झाडं तोडायचा. गेमवाल्यांच्या ते ध्यानात आलं आणि दोन दिवसांची बंदी आली. पोरगं जेवेना, तेव्हा प्रकरण उघडकीला आलं.

आमच्या सोप्यात खटला उभा राहिला. काका न्यायाधीश. चाळीस वर्षं दुसऱ्यांनी दिलेल्या शिक्षा राबवल्यानंतर स्वतः एक द्यायला मिळणार म्हणून ते धुतलेला सदरा घालून आले होते.

आधी त्यांनी गेम समजून घेतला. चिरंजीवांनी उत्साहाने सांगितलं की त्यात चोरी हेसुद्धा एक कसब आहे. रस्त्यावरच्या माणसाचा खिसा कापला की तीन नाणी आणि आठ गुण. चोरी करत राहिलं की चोरीची लेव्हल वाढते.

‘आणि सापडला तर?’

‘तो माणूस ओरडतो आणि आपल्याला थोडा वेळ चक्कर येते.’

‘किती वेळ?’

‘पाचेक सेकंद.’

काका बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘चाळीस वर्षं आम्ही काय झक मारली?’

मी बापाची बाजू मांडायला म्हणून सांगितलं, की गेममधली चोरी खरी धरतात हो. याच रूनस्केपमधला एक ताईत आणि मुखवटा दोन पोरांनी तिसऱ्याला मारहाण करून स्वतःच्या नावावर करून घेतला होता, आणि २०१२ साली नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने तो चोरीचाच गुन्हा ठरवला. वस्तू हाताला लागत नसली तरी ती मिळवायला वेळ आणि कष्ट गेलेत, म्हणून तिला किंमत आहे. चिरंजीवांनी माझ्याकडं पहिल्यांदाच आदरानं बघितलं. सौ. म्हणाली, ‘एवढं वाचायला वेळ मिळाला, जिमला मिळाला नाही.’

मला त्या गेममध्ये खरा रस आला तो गुणांच्या तक्त्यामुळे. लेव्हल दोनला लागतात ८३ गुण, साधे चार ओंडके. आणि नव्याण्णवला १ कोटी ३० लाख ३४ हजार ४३१. चिरंजीव म्हणाले, ‘पप्पा, निम्मी वाट कुठं येते सांगा.’ मी म्हणालो, पन्नास. ‘ब्याण्णव!’ मी कॅल्क्युलेटर काढला. ब्याण्णवला ६५ लाख १७ हजार २५३. खरंच की निम्मे! म्हणजे दर सात लेव्हलींना रक्कम दुप्पट. सात टप्प्यांत दुप्पट म्हणजे दर टप्प्याला साडेदहाच्या आसपास टक्के. अरे, हे तर आमचं चक्रवाढ व्याज! वर्षाला साडेदहा टक्क्यांनी ठेव सात वर्षांत दाम दुप्पट, हे मी खातेदारांना समजावून समजावून म्हातारा झालो, आणि हे पोरगं तेच कुऱ्हाडीने शिकत होतं. त्यानं गणितात पस्तीस का मिळवावेत, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.

जिमचंही असंच निघालं म्हणा. पहिल्या काही आठवड्यांत उचलायचं वजन भराभर वाढतं, कारण स्नायू नव्हे, नसा शिकत असतात. मग दोन-अडीच किलोची चकती चढवायला महिने जातात. क्रोटोनचा मायलो नावाचा ग्रीक पैलवान रोज एक वासरू खांद्यावर घ्यायचा, वासराचा बैल होईपर्यंत, अशी दंतकथा आहे. आमच्या गल्लीत एकाकडे रेडकू आहे. मी त्याच्याकडं नीट बघितलं. त्यानंही माझ्याकडं बघितलं. विषय तिथंच संपला.

काकांनी निकाल दिला. ‘१ जुलै २०२४ पासून नवा कायदा आलाय. चारशेवीस गेलं, आता तीनशे अठरा.’ (‘तीनशे अठरा माणूस आहे’ असं म्हणून बघा, शिवी दिल्यासारखं वाटतच नाही.) ‘तुझं साडेचार हजाराचं प्रकरण. पाच हजाराच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, माल परत केला, तर कलम ३०३ खाली समाजसेवा. चोरी बायकोच्या विश्वासाची, पण किंमत पावतीवर आहे.’

समाजसेवा म्हणजे काकांचंच भात. सुगीचं भात गिरणीतून येऊन खाली पडलं होतं, पंचवीस किलोची सव्वीस पोती, ती माळ्यावर टाकायची. मी आणि चिरंजीव मिळून. गुडघे वाकवायचे, पाठ सरळ, पोतं अंगाला घासून वर. जिममध्ये याला डेडलिफ्ट म्हणतात आणि त्याचे पैसे घेतात. काका खाली खुर्ची टाकून बसले होते आणि प्रत्येक पोत्याला, कुणी शिकवलं कोण जाणे, ‘इन्नोंदु’ म्हणत होते. सव्विसाव्या पोत्यानंतर माझा टी-शर्ट मागून पुढून चिंब होता. सौ.ने वरच्या खिडकीतून बघून मान हलवली.

शिक्षेचा दुसरा भाग माझ्या पोरानं सुचवला. ‘माझी बुडालेली झाडं पप्पांनी तोडून द्यायची. पप्पा माणूस आहेत, मशीन नव्हे. त्यांच्यावर बंदी येणार नाही.’ काकांना हे फार न्याय्य वाटलं. मग मी रोज रात्री जेवणानंतर तासभर झाडं तोडू लागलो. नुसती विलोची झाडं तोडून नव्याण्णवला जायचं तर १ लाख ९३ हजार ओंडके लागतात, हे मी पहिल्याच दिवशी हिशेबून ठेवलं. पंधरा दिवसांनी चिरंजीव पडेल चेहऱ्यानं आले. नियमावलीत लिहिलं होतं, की आपलं खातं दुसऱ्याला खेळायला देणं हासुद्धा गुन्हा आहे. म्हणजे न्यायालयाने दिलेली शिक्षा भोगताना मी नवा गुन्हा केला होता, आणि न्यायाधीश त्यात सामील होते. काका म्हणाले, ‘हे कुणाला सांगू नका. माझी पेन्शन आहे.’

त्या रात्री मला काही केल्या झोप येईना. हात रिकामे वाटत होते. अकराच्या सुमाराला मी पांघरुणात फोन घेतला आणि माझ्या स्वतःच्या नावाचं नवं खातं काढलं. लेव्हल एक. पहिला ओंडका. दुसरा. तिसरा. चौथ्याला पडद्यावर आतषबाजी झाली आणि लेव्हल दोन आली. मी पाचव्या झाडाला बोट लावणार इतक्यात पॅसेजमध्ये सौ.ची पावलं वाजली. फोन उशीखाली सरकवला, कॉटखालचं पाच किलोचं डंबेल ओढलं आणि ‘ओंदु, एरडु’ करत दंड वाकवायला लागलो.

सौ.ने दिवा लावला. काही बोलली नाही. पलंगाला वळसा घालून माझ्या मागं आली आणि पाठीवर तळहात ठेवला.

‘कोरडी आहे,’ ती म्हणाली.