लग्नपत्रिकेच्या एपीके फाइलबद्दल थोडी भर

व्हॉट्सॲपवरून येणाऱ्या फसव्या फाइल्सवरच्या लेखात ‘अनोळखी फाइल उघडू नका’ एवढंच म्हटलंय. पण ‘लग्नपत्रिका’ किंवा ‘आरटीओ चलान’ नावाची एपीके (अँड्रॉइड फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल) बहुधा ओळखीच्याच नंबरवरून येते, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोराच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिका पीडीएफ किंवा फोटो असते. नावाच्या शेवटी एपीके असेल तर ते ॲप आहे, पत्रिका नव्हे!

हे ॲप एसएमएस वाचायची परवानगी मागतं. ती दिली की ओटीपी परस्पर चोराकडे जातो. म्हणून आजच सेटिंगमध्ये ‘इन्स्टॉल अननोन ॲप्स’ शोधा आणि व्हॉट्सॲप, ब्राउझर, फाइल मॅनेजर या तिन्हींसाठी ते बंद करा.

ॲप टाकलं गेलंच, तर आधी मोबाइल डेटा आणि वायफाय दोन्ही बंद. सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घाला आणि तिथून बँकेला कळवून खातं गोठवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० हा सायबर फसवणुकीचा हेल्पलाइन नंबर लावा. इथे मिनिटं मोजली जातात. पैसे पुढच्या खात्यांत पांगले की अडवणं फार कठीण. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. चोराने कॉल फॉरवर्डिंग लावलं असेल, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवले असतील, तर ते सिम दुसऱ्या फोनमध्ये घातल्यावरही चालूच राहतं, ते ##००२# डायल करून रद्द करा.

‘अनइन्स्टॉल’ बटण दबत नसेल तर ॲपने बहुधा ‘डिव्हाइस ॲडमिन’चा, म्हणजे फोनवर खास ताबा देणारा, हक्क घेतलेला असतो. तो आधी काढा. तरीही जमलं नाही तर फॅक्टरी रीसेट करा, पण जुन्या बॅकअपमधून ॲप्स परत आणू नका.