‘नकली क्यूबन’ म्हणणाऱ्या साहेबांना उत्तर

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू वाचला. दोन तारे दिलेत, तो तुमचा हक्क. पण त्यात आमच्या दुकानाला ‘फसवणारं’ म्हटलंय, म्हणून उत्तरही चारचौघांतच देतो. तुमच्या तक्रारी अशा आहेत: क्यूबाची पेटी घेतली तर झुरका नीट येत नाही, सिगार एका बाजूने भराभर जळते, एवढे पैसे मोजून चव मिळमिळीत, सोबत घेतलेल्या निकाराग्वाच्या सिगार निम्म्या किमतीत झकास निघाल्या, आणि भावाने न्यू जर्सीहून त्याच नावाची सिगार आणली तिच्यावर डॉमिनिकन रिपब्लिक लिहिलंय, म्हणजे आमची पेटी नकली.

आधी एक सांगून टाकतो. तंबाखूची जाहिरात करायला २००३ च्या कायद्याने बंदी आहे आणि पेटीवरचं धोक्याचं चित्र सजावटीसाठी छापलेलं नाही. त्यामुळे ‘अमुक घ्या, तमुक घ्या’ असं मी इथे लिहिणार नाही. तुम्ही विचारलंय तेवढ्याचंच बोलतो.

सर्वांत मोठा आरोप नकलीचा, तो पहिला. तुमच्या भावाची सिगार खरी आहे आणि आमचीही. क्रांतीनंतर १९६० मध्ये क्यूबाच्या सरकारने सिगारचे कारखाने ताब्यात घेतले. जुन्या मालकांपैकी बरेच जण देश सोडून गेले आणि आपल्या नावांवरचा हक्क सांगत राहिले. फेब्रुवारी १९६२ मध्ये अमेरिकेने क्यूबाशी व्यापारच बंद केला. त्यातूनच पुढे मॉन्तेक्रिस्तो, रोमिओ इ हुलिएता, पार्तागास ही नावं दोन-दोन घरी नांदतात. एक क्यूबाचं सरकारी घर, दुसरं मुख्यतः अमेरिकेच्या गिऱ्हाइकासाठी डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये माल वळणारं खाजगी घर. पान वेगळं, वळणारे हात वेगळे, चवही वेगळी. न्यू जर्सीच्या दुकानात क्यूबाची सिगार विकायला परवानगीच नाही, तेव्हा भावाने तिथून आणलेली डॉमिनिकनच असणार.

आता तुमच्या घरातली पेटी उलटी करून बघा. तळाला लाकडात उमटवलेलं ‘हेचो एन कूबा’ आणि ‘तोतालमेन्ते आ मानो’ दिसेल, म्हणजे क्यूबात आणि पूर्णपणे हाताने बनवलेली. त्याच्या जवळ कारखान्याची खूण आणि पेटी भरल्याचा महिना व वर्ष. महिना स्पॅनिशमध्ये तीन अक्षरांत असतो. एने असेल तर जानेवारी, दिक असेल तर डिसेंबर. बाजूला हिरवं-पांढरं सरकारी सील आहे, त्यावरच्या बारकोडचा नंबर क्यूबाच्या निर्यात कंपनीच्या वेबसाइटवर टाकून कुणालाही तपासता येतो. आम्ही तो तुमच्यासमोर काउंटरवर तपासला होता; तुम्ही फोनवर होतात, तरी मान डोलावलीत. नकली माल ओळखायला खरं तर एवढी यातायात लागत नाही. काचेच्या झाकणाची ‘क्यूबन’ पेटी दिसली की समजावं, कारण क्यूबा तशी पेटी बनवतच नाही. पर्यटक मात्र हौसेने तीच घेऊन येतात.

झुरका घट्ट येतो हे तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही. क्यूबाच्या सिगारचं हे जुनं दुखणं आहे. १९९० च्या दशकाच्या शेवटी मागणी एकदम वाढली, नवखे हात कामाला लागले आणि वर्षानुवर्षं लोक ओढ न येणाऱ्या सिगारना शिव्या देत राहिले. पुढे कारखान्यांत ओढ तपासायची यंत्रं आली, फरक पडला, तरी एका पेटीत एखादी दगडासारखी निघतेच. बोटांत हळूच फिरवून पाहिलं की मधली गाठ लागते. आम्ही पेटी उघडून दाखवतो ती याचसाठी.

पण एका बाजूने भराभर जळण्याचं कारण वेगळं दिसतंय, आणि ते तुम्हीच लिहिलंय: ‘नीट फ्रीजमध्ये ठेवल्या होत्या’. साहेब, तिथेच घात झाला. आजकालच्या फ्रीजची हवा कोरडी असते, ती पानातला ओलावा शोषून घेते. मग भर पावसाळ्यात, बडोद्याच्या दमट संध्याकाळी, ती गार कोरडी सिगार तुम्ही गच्चीवर नेलीत. बाहेरचं पान ओल धरून फुगायला लागलं, आतलं अजून कडक. कडा उसवतात त्या अशा. वर गच्चीवरचा वारा. वारा लागेल ती बाजू पुढे पळते. क्यूबा असो की निकाराग्वा, जळण्याच्या बाबतीत वारा पासपोर्ट बघत नाही. शिवाय पान वास पटकन धरतं. शेजारच्या डब्यात लसणाची चटणी असेल तर विचारूच नका.

निकाराग्वाच्या सिगार चांगल्या जळाल्या, कारण त्या तुम्ही घेतल्या त्याच रात्री पाहुण्यांबरोबर संपवल्यात. हेही तुमच्याच रिव्ह्यूत आहे. आमच्या कपाटातून थेट तुमच्या हातात. कपाटात आम्ही ओलावा ६५ ते ७० टक्क्यांच्या आत ठेवतो आणि उष्णता २१ अंशांच्या पुढे सहसा जाऊ देत नाही, कारण जास्त उकाड्यात तंबाखूतली किड्यांची अंडी फुटतात आणि टाचणीएवढी भोकं पडलेली सिगार परत कुणी घेत नाही. मे महिन्यात आमचं विजेचं बिल बघाल तर किमतीची निम्मी तक्रार मागे घ्याल.

मात्र एक गोष्ट मान्य: बांधणीत, म्हणजे वळण, ओढ आणि सरळ जळण यांत, निकाराग्वा आणि डॉमिनिकनचे चांगले कारखाने आज क्यूबापेक्षा जास्त भरवशाचे आहेत. खाजगी धंदा आहे, शेजारी स्पर्धा आहे, पान दोन-चार वर्षं मुरवून मगच वळणारे तिथे बरेच आहेत. क्यूबाकडून येणारा माल अनेकदा तरणाच असतो. त्यात सप्टेंबर २०२२ मध्ये इयान वादळाने पिनार देल रिओ प्रांतात तंबाखू वाळवायच्या कोठारांची धूळधाण केली. उत्तम पान जिथून येतं तो वुएल्ता आबाखो हा भाग याच प्रांतात आहे. माल कमी, नाव मोठं, वरून आपल्याकडचा आयातकर. किमतीत चव किती आणि टंचाई किती, हे मी गिऱ्हाइकाला तोंडावर सांगतो.

चव मिळमिळीत वाटली, यावर माझं मत वेगळं आहे. तुम्ही कडकपणा शोधत होतात. निकाराग्वातल्या एस्तेली खोऱ्यातल्या ज्वालामुखीच्या काळ्या मातीत वाढलेलं पान मिरीसारखं झोंबतं, पहिल्याच झुरक्याला जिभेवर बसतं. क्यूबाची सिगार बहुतेक वेळा हळू उलगडते. त्यातही ओयो दे मोन्तेरेय नावाची सौम्य, बोलिवार नावाची दांडगी. कडक म्हणजे भारी आणि सौम्य म्हणजे हलकी, हा हिशेब चुकतो. रोपाच्या शेंड्याचं पान जास्त घातलं की सिगार कडक होते, एवढंच.

आणि देशाची तुलना करताना एक खोच आहे. क्यूबाच्या सिगारमध्ये सगळं पान क्यूबाचं असतं. बाकीच्यांचं तसं नाही. पट्टीवर लिहिलेला देश बहुधा फक्त वळल्याचा असतो. तुम्हाला आवडलेल्या त्या ‘निकाराग्वाच्या’ सिगारचं बाहेरचं पान इक्वेडोरचं होतं. तिथे आभाळ बहुतेक ढगाळ, त्यामुळे पान पातळ आणि तलम येतं. कुणी ते कॅमेरूनचं घेतं, कुणी मेक्सिकोच्या सान आन्द्रेसचं. मग जिंकलं कोण, निकाराग्वा की इक्वेडोर? आपल्याला हे नवीन नसावं. पलीकडे आणंद-पेटलादला चरोतरचा शेतकरी बिडीच्या तंबाखूचा भाव शेत बघून करतो, जिल्ह्याचं नाव ऐकून नाही.

तर आता काय करायचं. उघडलेली पेटी परत घेता येणार नाही, तसं बिलावर छापलेलं आहे. पण उरलेल्या सिगार आजच फ्रीजमधून काढा, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि दुकानात घेऊन या. आम्ही त्या महिनाभर आमच्या कपाटात ठेवू, पैसे लागणार नाहीत. कोरडं पान घाईने ओलं करता येत नाही, हळूहळूच घ्यावं लागतं. महिन्याने आपण दोघं मिळून एकेक तपासू. तरीही एखादी गाठीची निघाली तर ती मी बदलून देईन. रविवारी दुकान बंद असतं, बाकी कुठल्याही दिवशी दुपारी चारनंतर या. बारकोडचाही नंबर पुन्हा तपासू, या वेळी फोन खिशात ठेवून. तारे दोनच राहू द्या, पण नंबर जुळला तर ‘नकली’ आणि ‘फसवणारं’ हे दोन शब्द तेवढे रिव्ह्यूतून काढा.