सव्वीस दीड म्हणजे नक्की कोणता टायर?

"भिया, छब्बीस डेढ़ का टायर देना." इंदूरात एवढं म्हटलं की सायकलचा टायर हातात पडतो. घरी आणावा तर रिमवर चढतच नाही, नाहीतर चढतो आणि ढिला फिरतो. दुकानदाराला बोल लावण्यात अर्थ नाही, कारण सव्वीस दीड नावाचे टायरच दोन आहेत. दशांशातला 26×1.50 बसतो 559 मिमीच्या रिमवर, अपूर्णांकातला 26×1½ बसतो 584 च्या. बोलताना दोन्ही दीडच, रिमवर अडीच सेंटिमीटरचा फरक! त्यात बऱ्याच लेडीज सायकलींचा 26×1⅜ आणखी वेगळा, 590 चा.

इंचाचा आकडा हे टायरचं आडनाव समजा. एका आडनावाची चार घरं असतात. पत्ता टायरच्या बाजूवर बारीक अक्षरात असतो: 37-590, 40-635 असा. पहिली रुंदी, दुसरा टायरच्या कडेतली तार रिमवर टेकते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. रुंदीत थोडं मागंपुढं चालतं, फक्त चिमट्यात (चाक धरणाऱ्या दोन दांड्यांमध्ये) आणि मडगार्डखाली दोन्हीकडे पाच-सहा मिमी जागा उरायला हवी. व्यासात सूट अजिबात नाही.

आकडा झिजून गेला असेल तर टायर काढा, रिमच्या बाहेरच्या काठावरून न ताणणारी दोरी गुंडाळा, लांबीला 3.14 ने भागा आणि आलेल्या उत्तरातून साधारण 12 मिमी वजा करा. तार काठाच्या आत, खाली बसते म्हणून ही वजाबाकी. ती विसरलात तर 700C नावाच्या मापाची रिम (622) मोजताना 634 च्या आसपास आकडा येतो आणि माणूस जुन्या काळ्या सायकलीचा 28×1½, म्हणजे 635 चा टायर घेऊन येतो. तो हातानं सहज चढतो, तिथंच फसगत होते. हवा भरताना तार काठावरून उचलली जाते, ट्यूब फुग्यासारखी बाहेर येते आणि फटाका वाजतो.

उलट 590 च्या रिमवर 584 चा टायर पेचकस घालून चढवू नका. ट्यूब चिमटून फाटते, तार तुटते, आणि तार तुटलेला टायर फेकायचाच.

ट्यूब मात्र रबराची, ताणली जाते. 584 आणि 590 ला एकच चालते, 622 आणि 635 लाही. तिथं रुंदी आणि वॉल्व्ह बघा. बारीक प्रेस्टा वॉल्व्हसाठी पाडलेल्या भोकात मोटरसायकलसारखा जाड वॉल्व्ह जात नाही.

ऑनलाइन घेताना नुसतं "26 इंच" लिहिलं असेल आणि तीन आकडी व्यास दिला नसेल, तर माझ्या मते तो टायर स्वस्तातही घेऊ नये. दुकानात जुना टायर घेऊन जा, निदान बाजूवरच्या आकड्याचा फोटो तरी.

बसवल्यावर आधी निम्मीच हवा भरा आणि चाक फिरवा. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उठावाची रेघ असते. ती कुठं रिमखाली बुडाली किंवा वर आली असेल, तर हवा सोडा, तेवढा भाग हातानं दाबून बसवा आणि मगच पूर्ण भरा.