‘मेक इट सो’ : जहाजावरचे बारा आणि एका आक्षेपाचे उत्तर

आपण सविस्तर आक्षेप नोंदवलात, याबद्दल मनापासून आभार. ‘स्टार ट्रेक : द नेक्स्ट जनरेशन’ या दूरचित्रवाणी मालिकेतील अंतराळयानाचा कप्तान पिकार्ड याचे ‘मेक इट सो’ हे पालुपद ब्रिटिश आरमारातून आले, असे मी लिहिले होते. आपले म्हणणे असे, की हे साधे बोलीतले इंग्रजी असून ‘तसे करा’ यापलीकडे त्याला अर्थ नाही. मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी महायुद्धात बॉम्बर विमान चालवत होते, जहाज नव्हे. आणि आरमाराचा दिवस दुपारी बाराला सुरू होई, हे माझे विधान सरसकट खरे नाही.

शेवटचा मुद्दा निःसंशय मान्य आहे. ब्रिटिश आरमाराने ती पद्धत १८०५ सालीच सोडली होती आणि ते वर्ष मी द्यायला हवे होते.

पहिल्या मुद्द्याबाबत मात्र मी सहमत नाही. शिडाच्या जहाजावर वेळ वाळूच्या घड्याळावर मोजत, ते दर अर्ध्या तासाने उलटत आणि घंटा देत. परंतु जहाज रेखांशाचा एक अंश पूर्वेला सरकले की स्थानिक मध्यान्ह चार मिनिटे आधी येते, त्यामुळे वाळूचे बारा आणि सूर्याचे बारा यांचा मेळ रोज नव्याने घालावा लागे. सेक्स्टंटमधून (सूर्याची क्षितिजापासूनची उंची मोजण्याच्या उपकरणातून) पाहताना सूर्य चढायचा थांबला, की पहाऱ्यावरचा अधिकारी कप्तानाला बारा वाजल्याची वर्दी देई. कप्तान म्हणे, ‘मेक इट सो’, आणि त्यानंतरच चार तासांच्या पाळीअखेरचे आठ टोल पडत. म्हणजे सूर्य माथ्यावर आला तरी कप्तानाने मान्य करीपर्यंत जहाजावर बारा वाजलेले नसत. (आपल्याकडे ‘बारा वाजवणे’ याचा अर्थ भलताच असला, तरी येथे तो अक्षरशः घ्यायचा आहे.) अॅडमिरल विल्यम हेन्री स्मिथ यांच्या १८६७ साली प्रसिद्ध झालेल्या नाविक शब्दकोशात हा प्रयोग याच अर्थाने, स्वतंत्र नोंद म्हणून दिला आहे. निव्वळ बोलीतल्या वाक्याला कोशकार अशी जागा देत नाही.

‘तसे करा’ हा हुकूम झाला. ‘मेक इट सो’ ही हाताखालच्या माणसाने मांडलेल्या गोष्टीवरची कप्तानाची मोहोर आहे. पिकार्डही हे शब्द बहुधा तेव्हाच उच्चारतो, जेव्हा एखादा अधिकारी मार्ग किंवा उपाय सुचवून त्याच्या होकाराची वाट पाहत असतो.

रॉडनबेरी वैमानिक होते, हे खरेच. परंतु १९६४ साली मूळ मालिकेचा प्रस्ताव लिहिताना त्यांनी आपल्या कप्तानाचे वर्णन ‘अंतराळयुगातील होरेशिओ हॉर्नब्लोअर’ असे केले होते, आणि हॉर्नब्लोअर हा सी. एस. फॉरेस्टर यांच्या कादंबऱ्यांतील, नेपोलियनच्या काळातला ब्रिटिश आरमारी अधिकारी आहे. आरमार त्यांच्याकडे नोकरीतून नव्हे, तर वाचनातून आले. पिकार्ड आपल्या दुय्यम अधिकाऱ्याला ‘नंबर वन’ म्हणतो, तेही ब्रिटिश आरमारातील फर्स्ट लेफ्टनंटचे रूढ संबोधन आहे. ते विमानदलातून आलेले नाही.

पटकथाकाराने मध्यान्हीचा हा विधी समोर ठेवून संवाद लिहिला, असा माझा दावा नव्हता आणि नाही. मूळ लेखातील दिवसाच्या आरंभाविषयीचे वाक्य मी आज दुरुस्त केले आहे. ‘आरमारातून आले’ हे शब्द मात्र तसेच ठेवत आहे.