आधी ऑइल गळू तरी द्या!

गरम इंजिनातलं जुनं ऑइल नीट गळायलाच दहा-पंधरा मिनिटं जातात. धार संपली तरी थेंब पडत राहतात आणि ते थांबल्याशिवाय खालचा ड्रेन बोल्ट, म्हणजे ऑइल सोडायचा बोल्ट, परत लावायचा नसतो. मग 'पंधरा मिनिटांत ऑइल चेंज, फिल्टरसकट' असा बोर्ड लावणारे करतात काय? गळूच देत नाहीत. धार बारीक झाली की बोल्ट लावून मोकळे, आणि उरलेल्या काळ्या ऑइलवर नवीन ओततात. हे मी डोळ्यांनी बघितलंय. तेही काचेतून, कारण गाडीजवळ उभं राहायची परवानगीच नाही, दारावर 'आत येऊ नये'ची पाटी.

का नाही? गाडी माझी, पैसे माझे. सोलापुरात साध्या कुठल्याही गॅरेजला जा, मिस्त्री आपल्याला स्टूल देतो, पोराला चहा सांगतो, जुना फिल्टर काढला की हातात देऊन दाखवतो. इथे 'मॅडम, आत एसीत बसा, बाहेर ऊन आहे.' ऊन मला नवीन नाही हो, जन्म इथलाच आहे माझा. वर 'सर नाही आले का?' असा प्रश्न. कोण सर? गाडी मी चालवते, हप्ते मी भरते, सर्व्हिसिंगचं पुस्तकही मीच वाचते.

आणि घाई तरी खरी आहे का? गाडीखाली पाच मिनिटं जास्त द्यायला यांच्याकडे वेळ नाही, पण मला घाबरवायला भरपूर आहे. एक पोरगा पांढऱ्या टिश्यूवर जुन्या ऑइलचा थेंब घेऊन आला. 'बघा मॅडम, किती काळं झालंय, इंजिन फ्लश करावंच लागेल, म्हणजे आतून धुवून काढावं लागेल.' अरे, ऑइल काळं होणारच! इंजिनातली काजळी, मळ स्वतःत धरून ठेवणं हे ऑइलचं कामच आहे. काळं झालं म्हणजे ते काम करत होतं. मग एअर फिल्टर आणून दाखवला, धूळ आहे म्हणून. सोलापुरात फिल्टरवर धूळ नसेल तर काय असेल? त्यानंतर कूलंट, मग एसीत मारायचा कसला तरी स्प्रे. प्रत्येक वेळी नाही म्हटलं की चेहऱ्यावर असा भाव, जसं काही मी गाडीचा जीव घेतेय.

पण टाळकं खरं सरकलं ते ऑइलवरून. माझ्या गाडीच्या पुस्तकात ५डब्ल्यू-३० स्पष्ट छापलंय. इथे ऑइल ड्रममधून, पाइपाच्या गनने. डबा नाही, सील नाही. ग्रेड विचारला तर म्हणे, 'सोलापूरचं ऊन बघताय ना, इथे जाडच लागतं, २०डब्ल्यू-५० टाकलंय.' उचलली जीभ लावली टाळ्याला! बाहेर त्रेचाळीस डिग्री असो नाहीतर तेवीस, तापलेल्या इंजिनात ऑइल शंभराच्या आसपासच जातं. ग्रेडमधला दुसरा आकडा शंभर डिग्रीला किती जाडी राहते ते सांगतो आणि डब्ल्यूचा आकडा गार इंजिनासाठी असतो. आजकालच्या बऱ्याच इंजिनांत ऑइलच्या वाटा अरुंद, व्हॉल्व्हचं टायमिंगसुद्धा त्याच ऑइलच्या दाबावर चालतं. सकाळी स्टार्टर मारल्यावर वरपर्यंत ऑइल लवकर पोचायला हवं. म्हणून कंपनीने ग्रेड ठरवून दिलाय. तो बदलायचा अधिकार या लोकांना कुणी दिला? मला विचारलं तरी का?

बिलावर ग्रेडचा पत्ता नाही. नुसतं 'इंजिन ऑइल, ४ लिटर.' पुस्तकात फिल्टरसकट साडेतीन लिटर दिलंय. मी म्हटलं, अर्धा लिटर कुठाय? 'मॅडम, सगळं गाडीतच गेलंय.' आणि खरंच गेलं होतं! घरी आल्यावर शेजारच्या दादांनी बघितलं. ते तुळजापूर लाइनला वडाप चालवतात, रोज पहाटे स्वतःच्या जीपचं ऑइल बघितल्याशिवाय किल्ली फिरवत नाहीत. त्यांनी डिपस्टिक, म्हणजे ऑइल मोजायची पट्टी, काढली, फडक्याने पुसली, परत घातली, काढली. वरच्या खुणेच्या बोटभर वर ऑइल. 'ताई, किती ओतलंय हे? पार वरपर्यंत भरलंय की ओ.' जास्त ऑइल म्हणजे जास्त चांगलं असं नसतं. खाली फिरणारा क्रँक त्याला आपटतो, फेस होतो, फेसाला दाब धरत नाही, आणि मग सील गळायला लागतात. दोन खुणा आहेत डिपस्टिकवर. सपाट जागेवर गाडी लावून, पाच मिनिटं थांबून त्या दोन खुणांच्या मध्ये बघायचं, बस्स. तेवढंही होत नाही यांच्याकडून!

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातल्या शहाबादी फरशीवर काळा डाग. गाडीखाली वाकून बघितलं तर ड्रेन बोल्टच्या टोकाला थेंब लोंबतोय. माझ्या नेहमीच्या मिस्त्रींनी बोल्ट काढून दाखवला. आट्यांत ॲल्युमिनियमचा चुरा अडकलेला. चेंबर, म्हणजे इंजिनाखाली ऑइल साठतं ते भांडं, ॲल्युमिनियमचा, बोल्ट पोलादाचा, आणि यांनी एअर गन लावून घर्रकन आवळला. तो बोल्ट हाताने धरवून मग पान्याने बेताने आवळायचा असतो, दर वेळी वॉशर नवीन टाकून. वॉशर आहे कितीचं? दहा-वीस रुपयांचं. जुनंच चपटं झालेलं वॉशर परत लावलं आणि वर एवढी ताकद, की चेंबरचेच आटे गेले. पुढच्या आठवड्यात याच गाडीतून मी आईला घेऊन पुण्याला निघणार होते. मध्ये कुठेतरी भर हायवेवर बोल्ट निघून सगळं ऑइल गेलं असतं तर? इंजिन जाम व्हायला वेळ लागत नाही.

जाब विचारायला गेले तर काउंटरवरच्या माणसाने बिलामागची बारीक ओळ दाखवली, 'गाडी बाहेर गेल्यावर आमची जबाबदारी नाही.' आणि लगेच म्हणाला, 'आणा इकडे, फुकट आवळून देतो.' कशाने? त्याच गनने! वर गाडीच्या काचेवर माझ्यासाठी स्टिकर चिकटवलेलं, पुढचं ऑइल ५,००० किलोमीटरला. पुस्तक सांगतं १०,००० किंवा एक वर्ष.

जुन्या ऑइलचं काय करता, हेही विचारलं. तर म्हणे सेंट्रिंगवाले स्लॅबच्या फळ्यांना लावायला घेऊन जातात. वापरलेलं ऑइल हा घातक कचरा आहे, २०१६ च्या नियमांप्रमाणे ते परवानाधारकाकडेच जायला हवं. पण ज्यांना साधा ड्रेन बोल्ट आवळता येत नाही त्यांच्याकडून ही अपेक्षा कशी करायची?

मी सोडणार नाही. चेंबरला आटे पाडून बुश बसवायचा खर्च, नवीन ऑइल, नवीन फिल्टर, सगळ्याची पक्की बिलं मिस्त्रींकडून घेतलीत. गळणाऱ्या बोल्टचे फोटो आहेत, ४ लिटरचं बिल आहे, पुस्तकातल्या त्या पानाचा फोटोही आहे. ग्राहक हेल्पलाइनला १९१५ वर तक्रार केलीय, दुकानाला लेखी अर्ज दिलाय आणि त्याच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घेतल्याशिवाय काउंटरवरून हलले नाही. शिक्का मारताना तो माणूस म्हणाला, 'मॅडम, एवढ्याशा बोल्टसाठी?' हो, त्याच बोल्टसाठी. पैसे परत द्या, आणि ती 'आत येऊ नये'ची पाटी काढा.