विंचशिवाय शीड बांधता येते. दोर मात्र हाताला गुंडाळू नका

‘विंच (दोर ओढण्याचे हातयंत्र) नसेल तर विंडसर्फिंगचे शीड पुरेसे ताणले जात नाही, वेळच आली तर दोर तळहाताला गुंडाळून ओढा आणि सुरकुत्या जाईपर्यंत आउटहॉल (शीड मागच्या बाजूला ताणणारा दोर) ताणत राहा’ अशा आशयाचा मजकूर सध्या फिरतो आहे. तो वाचून नुकताच हा खेळ शिकू लागलेला माझा भाचा तळहातावर दोराचे वळ घेऊन आला, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

सर्वांत घातक आहे तो दोर गुंडाळण्याचा सल्ला. डाउनहॉलचा, म्हणजे शीड डोलकाठीच्या बुडाकडे खाली ओढणारा दोर जेमतेम ४-५ मिलिमीटर जाडीचा आणि मुद्दामच न ताणला जाणारा असतो. त्यावर अंगाचा भार टाकला की तो मांसात रुततो, आणि क्लीटमधून (दोर पकडून ठेवणाऱ्या खाचेतून) अचानक निसटला तर गुंडाळलेला हात वेळेवर सोडवता येत नाही. त्याऐवजी दोराच्या टोकाला एखादा मजबूत, गुळगुळीत दांडा बांधावा, किंवा टोकाला फास करून तो अंगावरच्या हार्नेसच्या आकड्यात अडकवावा. मग जमिनीवर बसून एक पाय डोलकाठीच्या बुडाशी रोवावा आणि पाठ सरळ ठेवून पायाच्या बळाने मागे रेलावे. हिसके देऊ नयेत.

विंच अपरिहार्य मानणाऱ्यांना कप्प्यांचा विसर पडलेला दिसतो. दोर सहा पदरी ओवला की, घर्षण सोडल्यास, लागणारे बळ सहाव्या हिश्शावर येते. मात्र पदर एकमेकांवर चढले किंवा चाकांत वाळू अडकली तर हा फायदा बराचसा वाया जातो. कॅम (शिडाला आकार देण्यासाठी डोलकाठीवर बसणारे तुकडे) असलेल्या मोठ्या शर्यतीच्या शिडांना विंचची मदत होते, एवढे मान्य करावे लागेल.

सुरकुत्यांच्या मुद्द्याला शिडावर छापलेले आकडेच उत्तर देतात. लफ (डोलकाठीलगतच्या कडेची लांबी) ४३० सेंटिमीटर लिहिलेली असेल आणि डोलकाठी ४०० ची असेल, तर एक्स्टेंशन (डोलकाठीची लांबी वाढवणारा बुडाचा जोड) ३० वर लावून आधी डाउनहॉल पूर्ण ओढावा, आणि बूमही (हातांनी धरायचा आडवा दांडा) छापलेल्या मापाच्या आसपास ठेवून आउटहॉल थोडासाच ताणावा. डाउनहॉल कमी पडल्यामुळे आलेल्या सुरकुत्या आउटहॉलने घालवू पाहिल्या, तर शिडाचा पोटफुगवटा सपाट होतो आणि मूळ दोष तसाच राहतो. डाउनहॉल योग्य बसला की आधुनिक शिडाची वरची मागची कड सैल पडते, आणि अननुभवी डोळ्यांना ती चूक वाटते. पण वाऱ्याचा झोत आला की तीच कड वळून जादा वारा सोडून देते. ती घट्ट राहिली तर प्रत्येक झोताचा हिसका थेट हातांवर येतो.