‘जेएसटी द्या’ म्हणजे नेमकं काय द्या?

नागपुरात बर्डीवर इलेक्ट्रॉनिक्सच्या कुठल्याही काउंटरवर वायरी जोडायचा ‘जेएसटी’ कनेक्टर मागा, भाऊ विचारतो, "किती पिनचा?" अरे, पण कोणता? जेएसटी ही जपानी कंपनी आहे बाप्पा, कनेक्टरचा प्रकार नाही! तिच्या पीएच सिरीजचा पिच, म्हणजे शेजारच्या दोन पिनांमधलं अंतर, 2.0 मिमी, एक्सएच सिरीजचा 2.5. आणि हा 2.5 म्हणजे इंचाच्या दहाव्या भागाचा 2.54 नव्हे. दोन-तीन पिनांत खपून जातं. 10 पिनांच्या हाउसिंगमध्ये (कनेक्टरचं प्लास्टिकचं खोकं) टोकापर्यंत 0.36 मिमीचा फरक पडतो, मग बसा दाबत. ऑनलाइन तर एक्सएचला बिनधास्त ‘2.54’ लिहून विकतात.

1.25 मिमीची तर वेगळीच बोंब. मोलेक्स या दुसऱ्या कंपनीचा पिकोब्लेड आणि जेएसटीचा जीएच, दोघांचा पिच तोच, पण एकमेकांत बसत नाहीत. बाजारात दोन्ही ‘1.25 जेएसटी’! हाउसिंग मिळालं तर त्याचे क्रिम्प टर्मिनल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे धातूचे तुकडे) नाहीत. "दुसरे लावून घ्या ना, चालते." नाही चालत! लॉकची जीभ अडकतच नाही, वायर ओढली की टर्मिनल हातात.

आयत्या वायरी घ्याव्यात, तर दोन पिनांच्या पीएचमध्ये लाल-काळी कोणत्या बाजूला येईल याचा नेम नाही. बॅटरी उलटी लागली की बोर्डाचा धूर. पाकिटावर सिरीजचं नाव छापायला शाई किती लागते हो?